लहान गटाचा कोच कसा निवडावा, कसा टिकवावा

बास्केटबॉल क्लब चालवणाऱ्या आणि त्यात मुलं पाठवणाऱ्या वाचकांची पत्रं गेले काही महिने साठली होती. बहुतेकांचा रोख प्रशिक्षकांकडेच आहे, म्हणून या वेळी सगळं सदर त्यांनाच दिलं आहे.

ताई, आमच्या क्लबमध्ये बारा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी कोच नेमायचा आहे. दोन अर्ज आलेत. एक जण वरच्या पातळीवर बरीच वर्षं खेळलेले, नाव असलेले. दुसऱ्या बाई शाळेत खेळ शिकवतात, पण स्वतः कॉलेजच्या संघापलीकडे खेळलेल्या नाहीत. कार्यकारिणीचा कल पहिल्या अर्जाकडे आहे. मला मात्र ठरवता येत नाही. मुलाखतीत काय विचारू? – एका क्लबच्या चिटणीस

मुलाखत नंतर घ्या. आधी दोघांनाही एकेक दिवस कोर्टवर बोलवा, तुमचीच मुलं द्या आणि पाऊण तास शिकवायला सांगा. तुम्ही कडेला बसा. खुर्चीत बसून सगळेच छान बोलतात. मुलं समोर आली की दहा मिनिटांत माणूस कळतो.

पहिल्यांदा पाहा, किती मुलं नुसती उभी आहेत. ले-अपची, म्हणजे धावत येऊन रिंगजवळ उडी मारून बॉल टाकण्याची, ती लांबलचक रांग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. सोळा मुलं, एक रिंग, एक बॉल. एकाचा बॉल टाकून, उचलून पुढच्याकडे जाईपर्यंत पाच-सहा सेकंद जातात, म्हणजे प्रत्येकाचा नंबर दीड मिनिटानं येतो. दहा मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला सहा-सात शॉट. उरलेला वेळ पुढच्याच्या पाठीत कोपर मारण्यात जातो आणि मग कोच ‘शिस्त नाही’ म्हणून ओरडतो. त्याच दहा मिनिटांत मुलांना चारचारच्या गटात वाटलं, रिंग कमी असतील तर भिंतीवर खडूनं खूण करून दिली, तर प्रत्येकाच्या हाताला बॉल कितीतरी जास्त वेळा लागतो. हा विचार जो घरून करून येतो, त्याला शिकवणं कळलेलं आहे.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. गटातलं सगळ्यात कच्चं मूल शोधा आणि पाऊणभर तास त्याच्यावरच नजर ठेवा. चांगल्या मुलांना कोणीही शिकवतं, किंबहुना ती आपली आपणच शिकतात. अशाच एका चाचणीला मी बसले होते. एक मुलगी ले-अपला येताना दर वेळी उजव्याच पायावर उडी मारत होती, उजवाच हात वर. शरीर आवळलं जायचं आणि बॉल बोर्डाच्या खालच्या कडेला आपटायचा. पहिल्या उमेदवारांनी तिला स्वतः ले-अप मारून दाखवला. फार देखणा ले-अप होता. ‘असा मारायचा,’ म्हणाले. तिनं परत उजवा पाय टाकला. त्यांनी परत दाखवला. तिसऱ्या वेळेनंतर ती रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभी राहिली आणि आपला नंबर येऊ लागला की दुसऱ्याला पुढे पाठवू लागली. हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या उमेदवारांनी तशाच एका मुलाच्या हातातला बॉल काढून घेतला. त्याला रिंगपासून एका पावलावर आणलं. ‘बॉल विसर. डावा पाय, उडी. डावा पाय, उडी.’ चार-पाचदा नुसतंच. मग बॉल दिला. मग एक पाऊल मागे नेलं. ‘उजवा, डावा, वर.’ दोन बॉल आत गेल्यावर त्या दुसऱ्या गटाकडे वळल्या आणि थोड्या वेळानं, न बोलावता, परत त्या मुलाशी येऊन उभ्या राहिल्या. ते परत येणं मी कागदावर लिहून घेतलं होतं.

तिसरं, कान द्या. कोचच्या तोंडून निघणाऱ्या वाक्यांत माहिती किती आहे? अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाचे बास्केटबॉल कोच जॉन वुडन यांच्या संघानं बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विद्यापीठ अजिंक्यपद जिंकलं. रोनाल्ड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1974-75च्या मोसमात त्यांच्या सरावाला बसून त्यांच्या शिकवण्याच्या 2,326 कृती नोंदवल्या. निव्वळ शाबासकी सात टक्क्यांहून कमी निघाली, निव्वळ नाराजीही सात टक्क्यांहून कमी. बाकी बहुतेक काय होतं? काय करायचं आणि कसं करायचं, हे थोडक्या शब्दांत सांगणं. ‘लक्ष दे रे’, ‘जोर लाव’, ‘काय चाललंय’ यांतून मुलाला काहीच कळत नाही. ‘गुडघे वाकव’, ‘पास देताना त्याच्या छातीकडे बघ’ यांतून कळतं. चाचणीच्या वेळी कागदावर दोन रकाने करा आणि प्रत्येक वाक्याला खूण करत जा. पाऊण तासानंतर तुम्हाला माझी गरज उरणार नाही.

आता मुलाखत. एक प्रश्न सरळ विचारा: नऊ वर्षांच्या मुलांना कुठला बॉल देणार आणि रिंग किती उंचीवर ठेवणार? मोठ्या पुरुषांचा सात नंबरचा बॉल जवळजवळ सहाशे ग्रॅमचा, रिंग 3.05 मीटरवर. नऊ वर्षांच्या मुलाला तिथपर्यंत बॉल पोचवायचा तर तो कमरेपासून, दोन्ही हातांनी, अंग वाकडं करून फेकावा लागतो. तो तसाच फेकत राहतो, सवय पक्की होते आणि पंधराव्या वर्षी ती मोडायला दुप्पट मेहनत पडते. म्हणूनच जे आर्चर नावाच्या गृहस्थांनी 1950 साली अमेरिकेतल्या स्क्रँटन इथे लहानांसाठी छोट्या मापाचा खेळ सुरू केला आणि पुढे त्यातून मिनी-बास्केटबॉल जगभर पसरलं. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, मिनी-बास्केटबॉल नियमांत बॉल पाच नंबरचा आणि रिंग 2.60 मीटरवर असते. ज्याला हे ठाऊक आहे आणि रिंग खाली आणता येत नसेल तर पर्यायी काय करायचं हेही सुचतं, त्यानं लहान मुलांचा विचार केलेला आहे.

दुसरा प्रश्न: आधीच्या संघातलं कोण खेळ सोडून गेलं आणि का? ‘ती मुलं सिरियस नव्हती’ एवढंच उत्तर आलं तर मी सावध होईन. ज्याला त्या मुलाचं नाव, घरची अडचण, आपण काय करून पाहिलं हे आठवतं, तो माणूस वेगळा.

आणि हे टाळू नका: आधीच्या ठिकाणी फोन करून चौकशी करा, तीही शक्यतो सोडून गेलेल्या मुलांच्या पालकांकडे. ओळखपत्र तपासा, पडताळणीची जी अधिकृत सोय असेल ती वापरा. सरावाला कायम दोन मोठी माणसं हजर असतील, कोच कुठल्याही मुलाला बंद खोलीत एकटं भेटणार नाही आणि एकट्या मुलाला खासगी मेसेज करणार नाही, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहा. ओळखीचा माणूस आहे, म्हणून यातली एकही पायरी सोडायची नाही. याला अपवाद करू नका, अगदी अध्यक्षांच्या भावासाठीसुद्धा.

माझं मत विचाराल तर सगळ्यात लहान गटाला सगळ्यात चांगला शिक्षक द्यावा. बहुतेक क्लब उलटं करतात. नावाजलेला कोच थोरल्या संघाला आणि जो उरेल तो छोट्यांना. पाया मात्र छोट्यांचाच घालायचा असतो. तुमच्या पत्रावरून मला बाईंचं पारडं जड वाटतंय, पण चाचणीत उलटं दिसलं तर बेलाशक उलटा निर्णय घ्या. मोठे खेळाडू कधीकधी फार सुंदर शिकवतात. आणि बाईंना नेमलंत तरी त्या खेळाडूंना हातचं जाऊ देऊ नका. सोळा वर्षांपुढच्या गटाला त्यांच्या अनुभवाचं सोनं होईल.

कोचिंगचा कोर्स केलेला नसेल तर अर्ज बाजूला ठेवावा का? – एक कार्यकारिणी सदस्य

नाही. माणूस योग्य वाटला तर घ्या आणि कोर्सला क्लबच्या खर्चानं पाठवा. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण मात्र पहिल्या सरावाआधी झालेलंच हवं.

कोर्सचा उपयोग काय, असं तुमच्या सभेत कोणी विचारलं तर हे सांगा. बार्नेट, स्मोल आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी 1992 साली मुलांच्या बेसबॉल संघांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही कोचना मोसमाआधी काही तासांचं प्रशिक्षण दिलं होतं: चुकलेल्याला धीर देऊन दुरुस्ती कशी सांगायची, प्रयत्नाची दखल कशी घ्यायची, असंच साधं. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलांपैकी 5 टक्के खेळायला आली नाहीत. प्रशिक्षण न मिळालेल्या कोचच्या मुलांपैकी 26 टक्के आली नाहीत. जिंकण्या-हरण्यामुळे हा फरक पडलेला नव्हता. खेळ वेगळा असला तरी मुलं तीच असतात.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. कोच मिळेना म्हणून क्लबनं मलाच तिच्या गटाचं काम दिलं. मी तरुणपणी खेळलो आहे, शिकवलं कधीच नाही. सुरुवात कुठून करू? आणि मुलीशी कसं वागू? ती आत्ताच म्हणते, ‘बाबा, तुम्ही मलाच सगळ्यात जास्त ओरडता.’ – एक पालक

मुलगी खरं बोलते आहे असं धरूनच चला. आपल्यावर पक्षपाताचा ठपका नको म्हणून कोच झालेले आईवडील आपल्याच मुलाला जास्त कडक वागवतात, हे मी जवळजवळ प्रत्येक क्लबात पाहिलं आहे. एक मदतनीस शोधा आणि तिच्या चुका त्यांनीच सांगायच्या असं ठरवून टाका. सराव संपल्यावर घरी जाताना खेळाचा विषय तिनं काढला तरच बोला. जेवताना तुम्ही फक्त तिचे बाबा असू द्या. आणि हे सगळं तिला आधी विश्वासात घेऊन सांगा. दहा वर्षांच्या मुलीला ते नीट कळतं.

सुरुवातीसाठी एवढंच: एका सरावाला एकच गोष्ट शिकवा. आज जंप स्टॉप आणि पिव्हट (एक पाय रोवून दुसऱ्यानं वळणं), तर आज तेच. दोन्ही पायांवर एकदम थांबणं, गुडघे वाकलेले, गुडघे आत न झुकता पायाच्या बोटांच्या रेषेत. विशेषतः मुलींच्या बाबतीत या उतरण्याकडे मी डोळ्यांत तेल घालून बघते, कारण उड्या आणि वळणं असलेल्या खेळांत वयात आल्यावर गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते. ती सवय दहाव्या वर्षी लावली तर पुढे खूप काही वाचतं.

मग शेवटची वीस मिनिटं खेळू द्या, पण पाच-पाचचा सामना नको. तीन-तीनचा. दहा जणांत लाजाळू मूल सहज लपतं, सहा जणांत त्याला बॉल येतोच. तुम्ही शिट्टी कमी वाजवा. मुलं चुकतील, स्वतः वाद घालतील, स्वतः मिटवतील. सरावाचा आराखडा घरून कागदावर लिहून आणा, किती मिनिटं काय ते. आणि सराव संपल्यावर त्याच कागदावर दोन ओळी लिहा: काय जमलं, कोण गप्प होतं.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एकही कोच एका मोसमापेक्षा जास्त टिकला नाही. माणसं चांगली होती. जाताना सगळे ‘वेळ मिळत नाही’ म्हणाले. आम्ही मानधन देतो, कोणाच्या कामात ढवळाढवळही करत नाही. चुकतंय काय? – एका क्लबचे अध्यक्ष

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा वाचलं: ‘कोणाच्या कामात ढवळाढवळही करत नाही.’ तुम्ही ते चांगल्या भावनेनं लिहिलं आहे. पण कोचच्या बाजूनं पाहिलं तर त्याचा अर्थ असा होतो की महिनोन् महिने त्याचा सराव बघायला कोणी आलंच नाही.

शेवटी गेलेल्या कोचना फोन करा आणि एकच विचारा: सरावाच्या दिवशी तुम्ही काय काय करत होता? मला उत्तराचा अंदाज आहे. हॉलची किल्ली आणायची. बॉलमध्ये हवा भरायची. पंप सापडत नाही. तेवढ्यात एक आई विचारते, जर्सी कधी येणार? दुसरे वडील फीची पावती मागतात. मुलं कोर्टवर सुटलेली, एक जण बोर्डाला लटकतोय. सहा वाजता सुरू व्हायचा सराव सव्वासहाला सुरू होतो. रात्री घरी गेल्यावर साडेदहाला मेसेज येतो, ‘सर, माझ्या मुलाला आज तीनच मिनिटं का खेळवलं?’ त्यावर सर अर्धा तास उत्तर लिहितात, खोडतात, परत लिहितात. ‘वेळ मिळत नाही’ म्हणजे शिकवण्यासाठी ठेवलेला वेळ या सगळ्यात जातो.

म्हणून प्रत्येक संघाला पालकांमधून एक व्यवस्थापक नेमा. किल्ली, जर्सी, फी, प्रवास, पाण्याच्या बाटल्या, पंचांशी बोलणं हे त्यांचं. कोचचा फोन नंबर पालकांच्या ग्रुपवर नकोच. निरोप व्यवस्थापकांमार्फत जाऊ द्या.

मोसम सुरू होण्याआधी पालकांची सभा घ्या आणि त्या सभेला तुम्ही स्वतः उभे राहून बोला. कोचला एकट्याला पुढे करू नका. या गटात खेळायला किती वेळ मिळणार, कशावर ठरणार, तक्रार असेल तर कधी आणि कोणाकडे करायची, हे सगळ्यांसमोर सांगा. मी एक नियम सगळीकडे लावायला सांगते: सामन्याच्या दिवशी कोचशी खेळण्याच्या वेळेवर बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, राग निवल्यावर, व्यवस्थापकांसमोर बोलायचं. आणि आपल्याच मुलाबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या नाही.

नियम मोडला जाईलच. हरलेल्या सामन्यानंतर कोणीतरी तावातावानं कोचकडे चालत येईल. त्या वेळी तुम्ही तिथे असलात तर दोन पावलं पुढे या आणि शांतपणे म्हणा, ‘आज नको. उद्या संध्याकाळी माझ्याशी बोला.’ कोच हे विसरत नाही. तुम्ही मागे उभे राहून बघत राहिलात तर तेही तो विसरत नाही. कोचची चूक असेल तर ती तुम्ही त्यांना नंतर, दार लावून सांगा.

आता सराव बघायला जाण्याबद्दल. महिन्यातून एकदा क्लबातल्या कोणीतरी जाणत्यानं पूर्ण वेळ बसावं. परीक्षा घ्यायला नव्हे, म्हणून आधी कोचला विचारा, ‘आज मी काय बघू?’ ते म्हणतील, ‘मी फार बोलतो का ते बघा,’ किंवा ‘मागच्या दोन मुलांकडे माझं लक्ष जातं का?’ तेवढंच बघा, मोजा आणि संपल्यावर आकडा सांगा. सल्ला विचारला तर द्या. शिकवणारा माणूस एकटा पडला की त्याची वाढ थांबते. थोड्या दिवसांनी त्याला आपण जे करतो त्याचा कंटाळा येऊ लागतो. सगळ्या गटांच्या कोचनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, एकमेकांच्या सरावाला मदतनीस म्हणून जावं. नव्या माणसाला पहिला मोसम जुन्याच्या जोडीला द्या. एका कोचमागे बारा-चौदापेक्षा जास्त मुलं नकोत आणि प्रत्येक मुलामागे एक बॉल हवा. पैसे कमी असतील तर आधी बॉल घ्या, ट्रॉफ्या नंतर.

मानधनाबद्दल एकच सांगते. ते ठरलेल्या तारखेला द्या. कोचला ते मागावं लागू नये.

आमच्या अकरा वर्षांखालच्या संघाचे कोच सगळ्या स्पर्धा जिंकून देतात. पण पाचच मुलं खेळतात, बाकीची बेंचवर बसून असतात. सगळा वेळ झोन डिफेन्स, म्हणजे एकेका खेळाडूला न धरता आपापली जागा राखून बचाव. आणि बेंचवरून ओरडणं इतकं की गेल्या सामन्यात एक मुलगा रडला. त्यांना काढावं असं काही जण म्हणतात, काही म्हणतात निकाल तर मिळतोय. – एक सभासद

या वयात झोन का जिंकतो ते आधी समजून घ्या. दहा वर्षांच्या मुलाला लांबून शॉट पोचत नाही आणि लांब, वेगवान पासही जमत नाही. रिंगभोवती पाच मुलं हात वर करून उभी केली की समोरच्यांकडे इलाजच राहत नाही. पण त्या पाच जणांनी काय शिकलं? उभं राहणं. आपल्या माणसासमोर पाय कसे हलवायचे, बॉल आणि आपला माणूस दोन्ही नजरेत कसे ठेवायचे, हे राहूनच गेलं. आणखी तीन-चार वर्षांनी समोरच्यांना लांबून शॉट लागू लागले की हाच संघ हरू लागतो. अमेरिकेतली व्यावसायिक लीग एनबीए आणि तिथली राष्ट्रीय संघटना यूएसए बास्केटबॉल यांनी 2016 साली मुलांसाठी काढलेल्या मार्गदर्शनातही अकरा वर्षांपर्यंत झोन नको, मॅन-टू-मॅनच (प्रत्येकानं समोरचा एकेक खेळाडू धरून बचाव) खेळवा, असंच सांगितलं आहे.

तरीही काढण्याआधी मी तुमच्या कार्यकारिणीला विचारीन: तुम्हाला काय हवं आहे, हे कोचना कधी सांगितलं होतं का? वार्षिक सभेत कौतुक ट्रॉफीचंच झालं असेल, तर त्यांनी तुम्ही मागितलं तेच आणून दिलं. लेखी ठरवा: अकरा वर्षांखाली प्रत्येक मूल प्रत्येक सामन्यात खेळेल, किमान किती वेळ तेही लिहा, आणि मॅन-टू-मॅनच खेळवलं जाईल. वर्षाच्या शेवटी काय मोजणार तेही सांगा: किती मुलं पुढच्या वर्षी परत आली, कोणाला काय नवीन जमू लागलं.

मग दोघांनी त्यांच्याशी बसून बोला. ‘तुम्ही फार ओरडता’ असं मोघम बोलू नका, ते लगेच नाकारतील. नेमकं वाक्य सांगा: ‘तिसऱ्या क्वार्टरला बॉल सुटल्यावर तुम्ही त्याला सगळ्यांसमोर हे हे म्हणालात, आणि तो रडला.’ मग थांबा, त्यांना बोलू द्या. अनेकदा माणूस स्वतःच ओशाळतो, कारण त्याला त्याच्या कोचनं असंच शिकवलेलं असतं आणि दुसरी रीत त्यानं पाहिलेलीच नसते. अशा माणसाला जोडीला एक शांत सहायक द्या, दुसऱ्या एखाद्या चांगल्या कोचचा सराव बघायला पाठवा आणि सहा आठवड्यांनी परत बसायचं ठरवून उठा. त्या रडलेल्या मुलाशीही कोणीतरी बोलायला हवं, आणि शक्य असेल तर ते कोचनीच बोलावं.

हात उगारणं, शरीरावरून बोलणं, मुद्दाम अपमान करणं यांना मात्र सहा आठवडे नाहीत. त्याच दिवशी थांबवा, पालकांना कळवा आणि कायद्यानं जी तक्रार करायची ती करा.

सहा आठवड्यांनीही बेंचवर तीच मुलं बसलेली दिसली, तर आभार मानून निरोप द्या. पुढची स्पर्धा तोंडावर आली असली तरी. तोवर सहायकाला संघ सांभाळू द्या आणि पहिल्याच सामन्यात बेंचवरच्या मुलांना सुरुवातीच्या पाचात उतरवा.